पेप्टाइडे आणि पेशीपटलाचे भौतिक गुणधर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एम.एस्सी.च्या वर्गांना जीवभौतिकी शिकवताना पेप्टाइडे आणि पेशीपटल या विषयावर दरवर्षी जवळपास तेच प्रश्न समोर येतात. काही प्रश्न प्रकल्प करणारे विद्यार्थी विचारतात, काही सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे सहकारी, तर काही एखादी बातमी वाचून कुतूहल जागे झालेले वाचक. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. या उत्तरांमागे एकच भूमिका आहे. पेशीपटल म्हणजे निष्क्रिय भिंत आणि पेप्टाइड म्हणजे तिला भोक पाडणारी सुई, असे चित्र मनात धरले तर या विषयातले बरेच निष्कर्ष चुकतात. पटल हा स्वतःचे गुण असलेला पदार्थ आहे. पेप्टाइड त्या पदार्थाचे गुण बदलते आणि तो पदार्थ पेप्टाइडाचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची दिशा ठरवतो.

पेप्टाइड आणि प्रथिन यांत नेमका फरक काय?

दोन्ही अमिनो आम्लांच्याच साखळ्या आहेत. साधारण पन्नास घटकांपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड म्हणण्याचा प्रघात आहे; ही सीमा सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही. आपल्या विषयापुरता महत्त्वाचा फरक असा, की बहुतेक प्रथिने पाण्यातच घडी घालून ठरावीक आकार घेतात, तर येथे चर्चेला आलेली बरीचशी पेप्टाइडे पाण्यात सैल, अस्ताव्यस्त असतात आणि पटलाचा स्पर्श झाल्यावरच त्यांना आकार येतो.

पटलाचे "भौतिक गुणधर्म" म्हणजे कोणते गुणधर्म?

पटल लिपिडांचे, म्हणजे पाण्याची ओढ असलेले डोके आणि तेलकट शेपट्या असलेल्या मेदरेणूंचे, बनलेले असते. या रेणूंचा दोन थरांचा पडदा, म्हणजे द्विस्तर, सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर जाड असतो आणि त्याचा आतला तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटरचा असतो. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील लिपिड वेगळे करून पाण्यावर पसरवले आणि त्याने व्यापलेले क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरते असे दाखवले. द्विस्तराची कल्पना तेथून रुजली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पटल हे द्विमितीय द्रव असल्याचे चित्र मांडले. हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यावा. लिपिडाचा रेणू पटलाच्या प्रतलात पाण्यातल्या कणासारखा इकडून तिकडे सरकत असतो, परंतु एका थरातून दुसऱ्या थरात उलटी मारणे त्याला फार कठीण जाते, कारण त्यासाठी पाण्याची ओढ असलेले डोके तेलातून ओढत न्यावे लागते.

आता यांत्रिक गुण पाहू. हे पटल वाकवायला सोपे आणि ताणायला अवघड असते. वाकवण्यासाठी लागणारी ऊर्जा उष्मीय ऊर्जेच्या सुमारे वीसपट असते, म्हणजे इतकी कमी की सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या लिपोसोमची (द्विस्तराच्या कृत्रिम पोकळ पिशवीची) कड नुसत्या उष्णतेने थरथरताना दिसते. ताणायला गेल्यास मात्र क्षेत्रफळ जेमतेम तीन ते पाच टक्के वाढते आणि पटल फाटते. यांखेरीज पृष्ठभागावरचा विद्युत प्रभार, पटलाच्या दोन बाजूंमधला विभव (विद्युतदाबातील फरक), शेपट्यांची शिस्त, प्रवाहिता आणि थराचा आपणहून एका बाजूला वळण्याचा कल, म्हणजे नैसर्गिक वक्रता, हे गुण मोजले जातात. विभवाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. चेतापेशीच्या पटलावरील ७० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु ते ४-५ नॅनोमीटरवर लागू होत असल्याने तेथील विद्युतक्षेत्र प्रतिमीटर एक कोटी व्होल्टच्या घरात जाते. एवढ्या क्षेत्रात शिरणारे धनप्रभारित पेप्टाइड त्यापासून अलिप्त राहू शकत नाही.

प्रवाहिता समजावताना तुपाचे उदाहरण देतात. ते कितपत बरोबर आहे?

बरेच बरोबर आहे, आणि एका ठिकाणी फसवे आहे. डिसेंबरात पुण्याच्या स्वयंपाकघरातील साजूक तूप रवाळ होऊन थिजते आणि शेजारचे शेंगदाण्याचे तेल वाहतेच राहते, यामागे मेदाम्लांच्या शेपट्याच आहेत. संपृक्त शेपट्या सरळ असल्याने एकमेकींना चिकटून रचल्या जातात. असंपृक्त शेपटीतला दुहेरी बंध तिला बाक देतो आणि रचना बिघडवतो. पटलातही हेच घडते. डीपीपीसी या संपृक्त लिपिडाचा द्विस्तर ४१ अंश सेल्सिअसला जेल अवस्थेतून द्रव अवस्थेत जातो, शेपट्या दोन कार्बनांनी आखूड असलेले डीएमपीसी सुमारे २४ अंशांना, तर प्रत्येक शेपटीत एक दुहेरी बंध असलेले डीओपीसी थेट उणे १७ अंशांच्या आसपास.

फसवेपणा असा, की तूप हे ट्रायग्लिसराइडांचे आहे आणि त्याचा द्विस्तर होत नाही. पटलाच्या जेल अवस्थेतही लिपिडांची डोकी पाण्यातच असतात आणि थर शाबूत राहतो. शिवाय कोलेस्टेरॉल मिसळले की हा ठळक बदल पुसट होत जातो. प्राण्यांच्या बाह्यपटलात ते लिपिडांच्या एकतृतीयांशापेक्षाही अधिक असू शकते. ते द्रव अवस्थेतल्या शेपट्यांना शिस्त लावते, थर जाड आणि दाट करते, पण सरकणे बंद पडू देत नाही.

पेप्टाइड पटलावर बसते म्हणजे नेमके काय घडते?

पहिली ओढ बहुधा विजेची असते. धनप्रभारित पेप्टाइड ऋणप्रभारित पृष्ठभागाजवळ गोळा होते, त्यामुळे पटलालगतच्या पातळ थरात त्याची संहती द्रावणापेक्षा कितीतरी वाढते. दुसरी पायरी म्हणजे जलविरोधी घटकांचे डोक्यांच्या पट्ट्यात रुतणे. हा पट्टा बहुतेक पुस्तकांतील आकृत्यांमध्ये एका रेघेने दाखवतात आणि विद्यार्थ्यांच्या मनात ती रेघच राहते. प्रत्यक्षात डोक्यांचे दोन्ही पट्टे मिळून पटलाची बरीच जाडी व्यापतात आणि पाण्यापासून तेलापर्यंतचा बदल त्यांच्यात हळूहळू होतो. लहान पेप्टाइडांची बरीचशी कहाणी याच पट्ट्यात घडते.

तिसरी पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. साखळीच्या कण्यातील प्रत्येक पेप्टाइड बंधाला हायड्रोजन बंधासाठी जोडीदार लागतो. पाण्यात तो पाणी पुरवते. तेलकट भागात पाणी नाही, म्हणून उघडा बंध तेथे नेणे महाग पडते. परंतु साखळीने हेलिक्सचा पीळ घेतला तर तिचे बंध आपसांतच जोड्या लावतात आणि खर्च उतरतो. मधमाशीच्या विषातील मेलिटिन या पेप्टाइडावरील मोजमापांनुसार ही बचत दर घटकामागे सुमारे ०.४ किलोकॅलरी प्रति मोल आहे. आकडा लहान आहे, पण वीस घटकांचा पीळ बसला की ८ किलोकॅलरी होतात, आणि खोलीच्या तापमानाला एवढ्या ऊर्जेने समतोल काही लाख पटींनी एका बाजूला झुकतो. पटल पेप्टाइडाला आकार देते, असे वर म्हटले ते या अर्थाने.

ट्रिप्टोफॅन, लायसिन आणि अर्जिनिन यांचा उल्लेख वारंवार का येतो?

ट्रिप्टोफॅनचे चपटे, दोन कड्यांचे अंग ना पूर्ण पाण्यात रमते ना पूर्ण तेलात. डोक्यांच्या पट्ट्यात ते नांगरासारखे काम करते. लायसिन आणि अर्जिनिन दोघांवरही धन प्रभार असतो, पण दोघे सारखे नाहीत. अर्जिनिनचा ग्वानिडिनियम गट एकाच वेळी दोन हायड्रोजन बंधांनी लिपिडाच्या डोक्यातील फॉस्फेटला धरू शकतो आणि त्याचा प्रभार सहजासहजी जात नाही. म्हणूनच पेशीत शिरणाऱ्या अनेक पेप्टाइडांत अर्जिनिनची रांग दिसते, आणि तिच्या जागी लायसिन घातले की परिणाम बहुधा मंदावतो.

छिद्र पडते ते कसे? पिंपाच्या फळ्या, कड्यासारखे छिद्र आणि गालिचा यांपैकी कोणते प्रारूप खरे?

तिन्ही खरी आहेत, परंतु प्रश्न असा विचारू नये असे माझे मत आहे. ट्रायकोडर्मा या बुरशीपासून मिळणाऱ्या २० घटकांच्या ॲलामेथिसिनचे हेलिक्स पिंपाच्या फळ्यांप्रमाणे उभे राहून मध्ये नळी तयार करतात. मॅगेनिन हे आफ्रिकन नखीबेडकाच्या त्वचेतून मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये वेगळे केलेले २३ घटकांचे पेप्टाइड; त्याच्या छिद्राच्या भिंतीत पेप्टाइडाबरोबर लिपिडांची डोकीही असतात, कारण वरचा थर वळून खालच्या थराला जाऊन मिळतो. गालिच्याच्या प्रारूपात पेप्टाइडे पृष्ठभागावर दाटीने पसरतात आणि ठरावीक मर्यादेनंतर पटलाचे तुकडे पडतात. एकच पेप्टाइड एका लिपिडात एक वागणूक दाखवते आणि दुसऱ्यात दुसरी, त्यामुळे ही तीन नावे म्हणजे तीन वेगळ्या जाती नसून एकाच वाटेवरचे टप्पे समजणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्या वाटेची सुरुवात बहुधा पटल पातळ होण्याने होते. आडवे झालेले हेलिक्स वरच्या थरातील डोक्यांमध्ये घुसले की डोकी दूर सरकतात आणि क्षेत्रफळ वाढते. शेपट्यांचे आकारमान मात्र जवळजवळ तेवढेच राहते, म्हणून क्षेत्रफळ तीन टक्के वाढले तर तेलकट गाभ्याची जाडी साधारण तीन टक्के घटलीच पाहिजे. शेपट्यांना खालची मोकळी झालेली जागा भरावी लागते, त्या वाकतात, त्यांची शिस्त जाते. वाकवण्याचा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने दहा टक्के पातळ झालेले पटल साधारण एकोणीस टक्के मऊ होते. ह्युई हुआंग यांच्या गटाने क्ष-किरण विवर्तन आणि दिशाबद्ध नमुन्यांचा वर्णपट यांच्या साहाय्याने दाखवले, की पेप्टाइडाचे लिपिडाशी प्रमाण वाढत जाते तसे पटल पातळ होत जाते, पेप्टाइड पृष्ठभागावर आडवेच राहते, आणि एक उंबरठा ओलांडल्यावर काही पेप्टाइडे उभी होऊन छिद्रे दिसू लागतात. आधी साठलेला ताण छिद्र पडल्यावर मोकळा होतो. छिद्र हे कारण नसून ताणाने शोधलेली वाट आहे, असे मी वर्गात सांगतो.

मधमाशीच्या विषाचे उदाहरण इतके का दिले जाते?

कारण मेलिटिन सहज मिळते, जोरकस आहे आणि त्यावर प्रचंड काम झाले आहे. मधमाशीच्या कोरड्या विषाच्या वजनापैकी सुमारे निम्मा वाटा या २६ घटकांच्या पेप्टाइडाचा असतो. सह्याद्रीतल्या गडांवर आग्या मोहोळ उठून गिर्यारोहकांना चावे बसल्याच्या बातम्या पुणेकरांना नवीन नाहीत, आणि मधमाश्यांवर संशोधन व प्रशिक्षण करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून आपल्याच शहरात आहे. त्यामुळे हा रेणू वर्गात आणला की विद्यार्थी चटकन जवळ येतात.

त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिले वीस-एक घटक मुख्यतः जलविरोधी, शेवटी लायसिन आणि अर्जिनिनचा धनप्रभारित पुंजका, चौदाव्या जागी प्रोलिन. प्रोलिनमुळे हेलिक्सला मधोमध बाक येतो. एकोणिसाव्या जागी एकुलते एक ट्रिप्टोफॅन आहे आणि तेच आपले निरीक्षक: पेप्टाइड पाण्यातून पटलात गेले की त्याची प्रतिदीप्ती निळ्या बाजूला सरकते. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने वर्णपटाच्या लाल कडेने उत्तेजन देण्याची पद्धत वापरून या ट्रिप्टोफॅनभोवतीचे पाणी किती जखडलेले आहे याचा वेध घेतला. विषात मेलिटिन एकटे नसते, हेही विसरू नये. सोबतचे फॉस्फोलिपेज हे विकर लिपिडाची एक शेपटी तोडते. उरलेले एकशेपटी लिपिड शंकूसारखे असल्याने थराला बाहेरच्या बाजूला बाक देते आणि कड्यासारखे छिद्र पडणे सोपे होते. मेलिटिन पटल विस्कटते आणि विकराला दडलेले बंध गवसतात, विकर पटल बिघडवते आणि मेलिटिनचे काम हलके होते.

जीवाणू मरतो आणि आपली पेशी वाचते, हे कसे?

मुख्य कारण लिपिडांची निवड. ई. कोलायच्या आतल्या पटलात साधारण तीनचतुर्थांश फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन, एकपंचमांश फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि थोडे कार्डिओलिपिन असते. शेवटची दोन्ही ऋणप्रभारित आहेत. आपल्या पेशींच्या बाहेरच्या थरात मुख्यतः प्रभाराने उदासीन लिपिडे असतात आणि ऋणप्रभारित फॉस्फॅटिडिलसेरिन ऊर्जा खर्चून आतल्या थरात ठेवले जाते. कोलेस्टेरॉलने थर दाट केल्यामुळे डोक्यांमध्ये घुसण्याचा खर्चही वाढतो. जीवाणूंच्या पटलावरील विभवही बहुधा अधिक असतो. परंतु ही तटबंदी अभेद्य नाही. मेलिटिन तांबड्या पेशीही फोडते, आणि मानवी शरीरातील एलएल-३७ हे जीवाणूनाशक पेप्टाइड सुद्धा मोठ्या संहतीला आपल्याच पेशींना इजा करते.

जीवाणू स्वस्थ बसत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉलला लायसिन जोडून ऋण प्रभाराचे रूपांतर धन प्रभारात करतो. कोलिस्टिन हे पेप्टाइडवर्गीय प्रतिजैविक शेवटच्या फळीतले मानले जाते. त्याला दाद न देणारे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे प्लास्मिड या लहान डीएनए-कड्यावरून जाणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून कळवले गेले, आणि त्याचे कामही पृष्ठभागाचा ऋण प्रभार कमी करणे हेच आहे. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमध्ये आणि कुक्कुटपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. पेप्टाइडांना प्रतिकार निर्माण होऊ शकत नाही, असे विधान अजूनही काही लेखांत आढळते. ते चुकीचे आहे आणि त्याने नुकसान होते.

पटलाची जाडी पेप्टाइडाला कशी जाणवते?

हेलिक्समध्ये दर घटकामागे ०.१५ नॅनोमीटर लांबी मिळते, म्हणून ३ नॅनोमीटरचा गाभा ओलांडायला सुमारे वीस घटक लागतात. लांबी जुळली नाही तर पेप्टाइड तिरपे होते, शेजारची लिपिडे ताणली किंवा दबली जातात, किंवा पेप्टाइडे एकत्र येऊन तोटा वाटून घेतात.

याचा सर्वांत देखणा पुरावा ग्रॅमिसिडिन देते. रेने दुबो यांनी १९३९ मध्ये मातीतल्या जीवाणूपासून मिळवलेले हे पेप्टाइड पंधरा घटकांचे आहे. प्रत्येक थरात एकेक रेणू असतो आणि दोन रेणूंची टोके पटलाच्या मध्यभागी जुळली तरच आयनांची वाहिनी तयार होते. ही जोडी गाभ्यापेक्षा आखूड असल्याने तिला टिकण्यासाठी दोन्ही थरांना आत ओढून धरावे लागते. पटल परत सरळ होऊ पाहते आणि जोडी तोडते. म्हणून विद्युतप्रवाहाची एक पायरी किती काळ टिकली हे मोजले की पटल किती जोराने ओढत होते ते कळते. ओलाफ अँडरसन यांच्या गटाने ग्रॅमिसिडिनचा असा बलमापक म्हणून वापर केला. अनेक औषधी रेणू पटलाची लवचिकता बदलून प्रथिनांच्या कामात कशी ढवळाढवळ करतात, हे त्यातून उघड झाले.

वक्रतेचा आणि विषाणूंचा काय संबंध?

इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीत शिरताना आपले आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करतो. त्यासाठी त्याच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाच्या टोकाचे वीसेक घटकांचे संलयन पेप्टाइड आम्लता वाढल्यावर बाहेर येऊन समोरच्या पटलात रुतते. दोन पटले जवळ आणून बाहेरचे थर आधी जोडायचे म्हणजे लिपिडांना फार तीव्र बाक द्यावा लागतो. एचआयव्हीच्या संलयन पेप्टाइडावरील क्ष-किरण प्रयोगांत असे दिसले, की ते पटलाचा वाकण्याला होणारा विरोधच मोठ्या प्रमाणात कमी करते. २००३ मध्ये मान्यता मिळालेले एन्फुव्हर्टाइड हे ३६ घटकांचे एचआयव्हीविरोधी औषध ही पटले एकत्र येण्यापूर्वीच प्रथिनाची हालचाल अडवते. तेथे सामना प्रथिनाशी आहे, पटलाशी नाही, हा भेद उत्तरपत्रिकेत अनेकदा गळतो.

पेशीत शिरणारी पेप्टाइडे पटल न फाडता आत कशी जातात?

एचआयव्हीचे टॅट प्रथिन पेशी आपणहून आत घेतात, हे १९८८ मध्ये लक्षात आले; १९९४ मध्ये १६ घटकांचे पेनेट्रेटिन पुढे आले. सुरुवातीला वाटले, की ही पेप्टाइडे ऊर्जेशिवाय थेट पटलातून पार होतात. २००३ मध्ये दाखवले गेले, की सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनाने स्थिर करतानाच पेप्टाइडे पुनर्वितरित होत होती आणि थेट प्रवेशाचा आभास होत होता. आज बऱ्याच परिस्थितींत पेशीचे पटल आत वळून पेप्टाइडाला पुटिकेत, म्हणजे पटलाच्याच लहान पिशवीत, घेते, असे मानले जाते. मोठ्या संहतीला थेट प्रवेशही होतो. खरी अडचण पुटिकेतून सुटून पेशीद्रवात येण्याची आहे.

"इतक्या मायक्रोमोलरला परिणाम झाला" एवढे सांगितले तर पुरेसे का नाही?

हा प्रश्न विचारला जात नाही, पण विचारला जावा अशी माझी कळकळ आहे. पटलाला द्रावणातील संहती कळत नाही. त्याला कळते ते दर लिपिडामागे बसलेले पेप्टाइड. एक मिलिमोलर लिपिडाच्या लिपोसोममध्ये १० मायक्रोमोलर पेप्टाइड टाकले आणि ते सर्व बसले, तर प्रमाण १:१०० होते. सुरुवातीला फक्त बाहेरचा थर उपलब्ध असल्याने प्रत्यक्षात १:५०.

आता जीवाणूंवरच्या नेहमीच्या चाचणीचा हिशेब करू. एका मिलिलिटरमध्ये पाच लाख जीवाणू आणि ई. कोलायच्या एका पेशीत सुमारे दोन कोटी लिपिड रेणू धरले, तर एकूण लिपिडाची संहती केवळ १७ नॅनोमोलरच्या आसपास येते. म्हणजे एक मायक्रोमोलर पेप्टाइड घातले की लिपिडाच्या एका रेणूमागे पेप्टाइडाचे जवळपास साठ रेणू असतात. लिपोसोमच्या प्रयोगात लिपिड शंभरपट अधिक होते, येथे पेप्टाइड साठपट अधिक आहे. दोन्ही ठिकाणी नुसते "इतके मायक्रोमोलर" लिहून तुलना करणे म्हणजे पसाभर आणि पोतेभर यांना एकच माप लावणे आहे. प्रबंध तपासताना मी सर्वप्रथम लिपिडाची संहती लिहिली आहे का ते पाहतो.

हे सगळे मोजतात कसे?

उपकरणांची यादी लांब आहे. मी फक्त निवडीबद्दल लिहितो. लॉरडान हे रंगद्रव्य शेपट्या दाट रचलेल्या असताना सुमारे ४४० नॅनोमीटरला आणि पाणी आत शिरले की ४९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देते, म्हणून प्रवाहितेची पहिली चाचणी म्हणून ते उत्तम. उष्मामापकाने अवस्थांतराचे शिखर किती रुंद झाले आणि किती सरकले ते कळते. बारीक काचनळीने मोठा लिपोसोम ओढून ताण मोजता येतो. पाण्यावरच्या एकेरी थरात पेप्टाइड घुसते का, हे लँगम्युअर हौदात पाहतात; तेथे प्रतिमीटर ३० ते ३५ मिलिन्यूटन इतका पृष्ठदाब द्विस्तराशी तुलना करण्याजोगा धरला जातो. संगणकी प्रतिरूपणाची सोय पुण्यात उत्तम आहे, आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत परम ब्रह्म महासंगणक आहे. मात्र अणूपातळीवरचे प्रतिरूपण मायक्रोसेकंदांत चालते आणि छिद्रे पडायला बऱ्याचदा त्याहून फार अधिक काळ लागतो, हे ध्यानात ठेवून चित्रे पाहावीत.

मधुमेहावरचे सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड औषधही पटल बदलून काम करते का?

नाही, ते ग्राहीप्रथिनाला जोडले जाऊन काम करते. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तोंडाने घेण्याच्या गोळीत त्याच्यासोबत एक शोषणवर्धक क्षार घातलेला असतो, जो जठरात औषधाभोवतीची आम्लता कमी करतो आणि जठराच्या अस्तरातील पेशींच्या पटलातून त्याचा प्रवेश सुकर करतो.

आमचे निकाल दर वेळी वेगळे येतात. चूक कुठे असू शकते?

आधी तापमान पाहा. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने जानेवारीत डीएमपीसीच्या लिपोसोमवर केलेले प्रयोग एप्रिलमध्ये पुन्हा केले तेव्हा आकडे कोठेच जुळेनात. आम्ही कित्येक आठवडे पेप्टाइडाच्या नव्या कुपीला दोष देत होतो. वहीत दोन्ही वेळी "खोलीचे तापमान" असे लिहिले होते. जानेवारीच्या सकाळी ती खोली १७-१८ अंशांवर होती आणि एप्रिलच्या दुपारी ३२ अंशांवर; म्हणजे मधल्या २४ अंशांच्या अवस्थांतराच्या एका बाजूला पहिला प्रयोग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. पटलाचा पदार्थच बदलला होता.

त्यानंतर वजन तपासा. संश्लेषित पेप्टाइडाच्या पावडरीत ट्रायफ्लुओरोॲसिटेट हा प्रतिआयन (धन प्रभाराला तोलणारा ऋण आयन) असतो. मेलिटिनवर सहा धन प्रभार आहेत; प्रत्येकाला एक प्रतिआयन धरला तर पाणी सोडूनही वजनाचा जवळपास एकपंचमांश भाग पेप्टाइड नसतोच. संहती वजनावरून न ठरवता ट्रिप्टोफॅनच्या २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून ठरवावी. धनप्रभारित पेप्टाइडे काचेला आणि प्लॅस्टिकलाही चिकटतात, त्यामुळे विरळ द्रावण नळीत तासभर ठेवले तर बरेचसे भिंतीवर जाते. पेप्टाइड विरघळवायला डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक वापरले असेल तर तेवढेच डीएमएसओ घातलेला, पेप्टाइड नसलेला नमुना सोबत चालवावा, कारण ते स्वतःच पटल पातळ करते.

पहिला प्रयोग कोणता करावा?

गळतीचा. गोल बुडाच्या चंबूत क्लोरोफॉर्ममधले लिपिड घेऊन बाष्पित्रावर फिरवले की काचेला आतून दुधट साय धरल्यासारखा पापुद्रा चढतो. त्यात ७० ते ८० मिलिमोलर कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचे द्रावण घालून अवस्थांतराच्या वरच्या तापमानाला हलवावे आणि १०० नॅनोमीटरच्या गाळणीतून दाबून काढावे. एवढ्या संहतीला कॅल्सीन स्वतःचीच चमक विझवते. बाहेरचे रंगद्रव्य स्तंभातून वेगळे केले की नारिंगी थेंब उरतात. पेप्टाइडाने पटल गळके केले की रंग बाहेर पडून विरळ होतो आणि हिरवी चमक उजळते. शेवटी ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ घालून सर्व लिपोसोम फोडावेत आणि त्या वाचनाला शंभर टक्के धरावे. बाहेरच्या बफरचा परासरण दाब आतल्या कॅल्सीनशी जुळता ठेवणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बाहेर तो कमी असेल तर पाणी आत शिरून पटल आधीच ताणले जाते. म्हणून पेप्टाइडाविना दहा मिनिटे वाचन घ्यावे. रेघ तेव्हाच वर चढू लागली तर मेलिटिनची कुपी बर्फात राहू द्यावी आणि बफर पुन्हा बनवावा.